आतून कडी कोणी लावायची? (वाचकांचे प्रश्न)

अपंगत्व असलेल्या माणसाला स्वतःच्या मर्जीने राहायचं असेल तर काय काय लागतं, यावर मागच्या अंकात प्रश्न पाठवा म्हटलं होतं. आले भरपूर. काही पत्रं चार चार पानांची, काहींत नुसती एक ओळ. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, त्यातली सहा घेतलीत. नवीन वाचकांसाठी सांगते, माझं काम ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे हातापायाची ताकद वाढवायचं काम फिजिओचं आणि आहे त्या ताकदीत अंघोळ, कपडे, घर, नोकरी कशी जमवायची ते बघायचं काम आमचं, असं ढोबळमानाने समजा (फिजिओ मंडळी चिडतील, असो).

प्रश्न : ताई, माझी मुलगी २७ वर्षांची आहे, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हातापायांवर नीट ताबा राहत नाही), व्हीलचेअर वापरते, बोलणं थोडं अडखळत पण डोकं एकदम तल्लख, घरून अकाउंट्सचं काम करते. अंघोळ, कपडे, बाथरूम, रात्री कूस बदलणं सगळं मीच करते. आता म्हणते मला मैत्रिणीबरोबर वेगळं राहायचंय. मी म्हटलं अगं तुला स्वतःच्या हाताने बटण लावता येत नाही आणि तू वेगळी राहणार? तर म्हणाली तुला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, मग तू वाचणं सोडलंस का? त्यानंतर दोन दिवस अबोला. आमचं काही चुकतंय का? आणि आमच्यानंतर तिचं कसं होणार हा घोर आहेच. – एक आई

उत्तर : आई, चष्म्याच्या उत्तराला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क. तुमची काळजी खोटी आहे असं नाही, पण बटणाचा मुद्दा तुम्ही हरलात.

एड रॉबर्ट्स म्हणून एक माणूस होऊन गेला. १४व्या वर्षी पोलिओ झाला, मानेखाली जवळजवळ काहीच हलेना, रात्री आयर्न लंगमध्ये झोपावं लागायचं, आयर्न लंग म्हणजे लोखंडी पिंपासारखं श्वास देणारं मशीन. १९६२ मध्ये हा गडी कॅलिफोर्नियात बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत शिकायला गेला, तर ते धूड मावेल अशी खोली कुठल्याच होस्टेलात नाही, मग त्याला युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलात राहायला जागा दिली. हळूहळू त्याच्यासारखी आणखी मुलं तिथे आली, त्यांनी आपल्या ग्रुपचं नाव ठेवलं ‘रोलिंग क्वाड्स’ (क्वाड म्हणजे हातपाय चारही लुळे पडलेला माणूस), आणि त्यातूनच पुढे १९७२ मध्ये बर्कलीत सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग, म्हणजे अपंगांनीच चालवलेलं स्वतंत्र जगण्याचं केंद्र, सुरू झालं. गंमत बघा, राज्याच्या ज्या पुनर्वसन खात्याने आधी हा काही कामधंदा करू शकणार नाही असा शेरा मारला होता, त्याच खात्याचा तो १९७५ मध्ये डायरेक्टर झाला. कपडे त्याला शेवटपर्यंत दुसऱ्यानेच घातले. पण कुठले घालायचे, किती वाजता घालायचे आणि घालून कुठे जायचं, ते त्याने ठरवलं.

या स्वतंत्र जगण्याच्या चळवळीतल्या लोकांचा एक जुना हिशोब आहे, तो मी प्रत्येक घरात सांगते. एकाला कपडे घालायला दोन तास लागतात, सगळं स्वतः करतो, पण तेवढ्यात इतका दमतो की दिवसभर घरातच पडून राहतो. दुसऱ्याला मदतनीस पंधरा मिनिटांत तयार करतो आणि तो कामावर जातो. स्वतंत्र कोण? आम्ही थेरपिस्ट लोक वर्षानुवर्षं पहिल्यालाच शाबासकी देत आलो, मीही दिली.

माझी एक फजिती सांगते. नवीन असताना एका बाईंच्या घरी गेले होते, साधारण चाळिशीच्या, व्हीलचेअरवर. दोन तास मी त्यांच्या किचनमध्ये टेप घेऊन बसले, ओट्याची उंची किती कमी करायची, नळ पुढे कसा आणायचा, खालची कपाटं काढली तर पाय आत जातील का, चार पानं ड्रॉइंग झालं. बाई सगळं शांतपणे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘मॅडम, मला स्वयंपाकाचा पहिल्यापासून कंटाळा आहे, तो काय कोणीही करेल. तुम्ही मला ती कडी खाली करून द्या ना.’ त्यांच्या खोलीच्या दाराची कडी सहा फुटांवर होती. म्हणजे अकरा वर्षांत त्यांना स्वतःच्या खोलीचं दार एकदाही आतून लावता आलं नव्हतं, जो येईल तो सरळ आत यायचा, कपडे बदलत असल्या तरी. कडी कमरेच्या उंचीवर घ्यायला वीस मिनिटं आणि चार स्क्रू लागले. ते चार पानांचं ड्रॉइंग नंतर मी फाडून टाकलं.

तर तुमच्या मुलीला आधी हेच विचारा, तिला कुठली कडी लावायचीये. बहुतेक वेळा यादी आपल्याला वाटते त्यापेक्षा लहान असते आणि भलतीच असते. रात्री दीडपर्यंत जागायचंय, फोनवर एकटीने बोलायचंय, रविवारी अंघोळ करायचीच नाहीये. यातलं बरंच काही तुमच्या घरातही आजपासून होऊ शकतं.

आता व्यवहाराचं. एक आठवडा तिच्या चोवीस तासांची वही ठेवा, म्हणजे तिलाच ठेवू द्या. कुठली मदत, किती वाजता, किती मिनिटं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती मदत अर्धा तास उशिरा आली तर काय होईल. केस विंचरायचे राहिले तर काही होत नाही, पण बाथरूम थांबू शकत नाही, रात्री कूस बदलायची राहिली तर कातडी खराब होते. ही न थांबणारी कामं वेगळी काढली की साधारण कळतं, माणूस किती तास हवा आणि कुठे नुसत्या वस्तूने भागतं. रात्रीसाठी हवेच्या कप्प्यांची गादी मिळते, तिच्यातला दाब आपोआप इकडून तिकडे होत राहतो, त्यामुळे तुमच्या रात्री उठायच्या फेऱ्या कमी होऊ शकतात, पण हे आधी डॉक्टरांशी बोलून आणि रोज सकाळी कातडी बघून ठरवायचं, नुसत्या गादीवर विसंबायचं नाही.

आणि ट्रायल घ्यायची तर उलटी घ्या. तिला बाहेर काढू नका, तुम्ही बाहेर पडा. दोन दिवस तुम्ही दोघं कुठेतरी जा, ती ओळखीच्या घरात, मदतनीस तिने निवडलेली, शेजारी एक माणूस फोनच्या अंतरावर. नवीन घर आणि नवीन माणूस एकाच दिवशी आलं की गोंधळ होतो आणि मग सगळे म्हणतात बघा, सांगितलं होतं ना. पहिल्या वेळी काहीतरी बिघडेलच. तुम्ही परत आल्यावर ‘काय काय चुकलं’ हे तिला सांगू द्या, तुम्ही शोधत बसू नका.

आमच्यानंतर काय, हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक आईवडिलांनी विचारलाय. त्यावर माझं मत थोडं कडक आहे. तुम्ही असतानाच हे सुरू व्हायला हवं, कारण नाहीतर ५० वर्षांची बाई आई गेल्याच्या त्याच आठवड्यात घर, सवयी आणि मदतीचा हात सगळं एकदम गमावते आणि नातेवाईक मिळून तिला कुठल्यातरी संस्थेत ठेवतात, तिला न विचारता. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ चा आहे, त्याच्या १९व्या कलमात नेमकं हेच आहे की कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे त्या व्यक्तीने निवडायचं, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर नको. मुलीला हे कलम वाचायला द्या असं म्हणणार होते, पण तिने आधीच वाचलं असेल अशी मला शंका आहे.

प्रश्न : वय ३४, अपघातात पाठीच्या कण्याला मार लागून दोन वर्षं झाली, छातीखाली संवेदना नाही, हात चांगले आहेत. बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर जात नाही म्हणून भाऊ उचलून नेतो, त्याचीही पाठ धरली आता. मिस्त्री म्हणतो सगळं तोडून नवीन करू. कुठून सुरुवात करू? पुढे एकटं राहायचा विचार आहे, तर काय काय सांभाळायचं तेही सांगा.

उत्तर : दादा, सगळ्यात आधी मिस्त्रीला थांबवा. तोडफोडीचं नंतर बघू.

टेप घ्या. खुर्चीची रुंदी सीटची मोजू नका, दोन्ही चाकांबाहेरच्या हाताने ढकलायच्या रिंगा असतात ना, त्यांच्या बाहेरून बाहेर मोजा, आणि वर बोटांसाठी थोडी जागा धरा नाहीतर रोज बोटांची सालं निघतील. दाराची चौकट मोजू नका, दार काटकोनात उघडून उरलेली मोकळी जागा मोजा. आरामात जायला ती ३२ इंच हवी असं मानतात. एक-दोन इंचासाठी अडत असेल तर बिजागऱ्या बदलूनही भागतं, दाराचं पान वाटेतून पूर्ण बाजूला जाईल अशा मिळतात. त्याहून जास्त अडत असेल तर व्हीलचेअर आत नेण्याचा हट्टच सोडा, अंघोळीची आणि कमोडची अशी अरुंद चाकांची खुर्ची येते, पलंगावरून तिच्यात बसायचं आणि तीच सरळ कमोडवर जाते. बऱ्याच घरांत एवढ्यावरच काम भागतं.

आत पूर्ण गोल फिरायला ५ फुटांचं वर्तुळ लागतं, ते लहान बाथरूममध्ये नसतंच, तर रिव्हर्समध्ये बाहेर येता येतंय का बघा. दार बाहेर उघडणारं करून घ्या, हे मात्र नक्की करा, कारण माणूस आत पडला आणि दार आत उघडणारं असलं तर तो स्वतःच दाराला अडसर होतो आणि बाहेरच्याला ते उघडता येत नाही. कडी आतून लावा खुशाल, पण बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी.

कमोडच्या सीटची उंची खुर्चीच्या सीटइतकी ठेवा, मग सरकायचं असतं, चढायचं नसतं. भिंतीचा दांडा साधारण ३३ ते ३६ इंचांवर, पण हा आकडा डोळे झाकून घेऊ नका, मिस्त्री आला की खुर्चीवर बसून हात लांब करून दाखवा आणि तिथे खूण करायला लावा. आणि टॉवेलचा दांडा धरून कधी उठू नका, तो टॉवेलचं वजन पेलायला बनवलाय, तुमचं नाही. रबरी व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे येतात, तेही यासाठी नकोत, भिंतीत पक्का बोल्ट हवा. उंबऱ्याला रॅम्प करायचा तर १ ला १२, म्हणजे ६ इंच चढायला ६ फूट लांबी. सगळे दोन फुटांत उरकतात आणि मग ती घसरगुंडी होते.

भाऊ उचलतो ते बंद करा, दोघांच्याही भल्यासाठी. तुमचे हात चांगले आहेत म्हणताय तर सरकायची फळी वापरायला शिका, गुळगुळीत पट्टीसारखी असते, तिचं एक टोक मांडीखाली, दुसरं पलीकडच्या सीटवर, आणि अंग पुढे झुकवून थोडं थोडं सरकत जायचं. पहिल्या दिवशी मला बऱ्याचदा ‘हे जमणार नाही’ ऐकायला मिळतं आणि तीन-चार आठवड्यांनी तोच माणूस फळी न घेता जायला बघतो, तेव्हा ओरडावं लागतं. आधी शिकवणाऱ्यासमोरच करा, घरी एकट्याने प्रयोग नको.

आता एकटं राहण्याचं. संवेदना नाही म्हणजे भाजलेलं कळत नाही हे लक्षात ठेवा, ६० डिग्रीचं पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजू शकतं आणि तुम्हाला तासाभराने फोड दिसल्यावर समजेल. पाणी आधी मनगटावर, मग अंगावर. गरम लॅपटॉप मांडीवर ठेवणं बंद. दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे झुकून पार्श्वभागावरचा दाब काढायचा आणि तसं दोनेक मिनिटं राहायचं, नुसतं हातावर उचलून लगेच बसलं तर रक्त परत यायला वेळच मिळत नाही. सकाळ-संध्याकाळ लांब दांड्याच्या आरशात मागची कातडी बघायची. लाल डाग दाब काढल्यावरही जात नसेल तर त्या जागेवर बसायचं नाही, तो जाईपर्यंत नाही, ऑफिस बुडालं तर बुडू दे.

आणि हे कोणी सांगितलं नसेल तर आज डॉक्टरांना विचारा, तुमची इंज्युरी कुठल्या लेव्हलची. टी-६ (छातीच्या मणक्यांपैकी सहावा) किंवा त्याच्या वर असेल तर लघवी तुंबली किंवा कॅथेटरची नळी पिळली गेली एवढ्यानेही बीपी अचानक खूप वर जाऊ शकतं, डोकं भयंकर ठणकतं, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला घाम सुटतो. अशा वेळी आडवं व्हायचं नाही, ताठ बसायचं, पट्टा, घट्ट कपडे सैल करायचे, नळी तपासायची, आणि लगेच थांबलं नाही तर ॲम्ब्युलन्स. बरेच डॉक्टरसुद्धा हे पटकन ओळखत नाहीत म्हणून एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा. आणि फोन टेबलावर नाही, गळ्यात. पडलेल्या माणसाला टेबलावरचा फोन फक्त दिसतो.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा, डाउन सिंड्रोम. शाळा संपली. आई त्याला अजून भरवते म्हटलं तरी चालेल, बुटाची लेस बांधते, बॅग भरते. मी शिकवायला गेले की आई म्हणते वेळ कुठे आहे आणि तो पडला-बिडला तर? त्याला स्वतःचं स्वतः राहता येईल का कधी? – ताई म्हणून विचारतेय

उत्तर : एकदम एकट्याने राहील का ते मला माहीत नाही, तुलाही नाही, त्यालाही नाही, कारण अजून कोणी करूनच बघितलेलं नाही. थोड्या आधाराने स्वतःच्या घरात राहणारी, नोकरी करणारी डाउन सिंड्रोमची माणसं जगात आहेत एवढं मात्र पक्कं.

लेसचा नाद सोड. इलॅस्टिकची लेस आण, एका मिनिटात प्रश्न संपला. लेस बांधता येणं म्हणजे मोठं होणं असं आपल्या डोक्यात बसलंय, का ते देव जाणे. तोच वेळ अशा गोष्टीत घाल जिला शॉर्टकट नाही, उदाहरणार्थ ‘नाही’ म्हणणं. लहानपणापासून या मुलांना सगळ्यांचं ऐक, हो म्हण, असंच शिकवतात आणि मग कोणी चुकीचं वागलं तरी ती हो म्हणतात. रोज त्याला खरे पर्याय दे आणि त्याचं ‘नको’ पाळ, तुला पटलं नाही तरी.

शिकवताना शेवटाकडून शिकव. म्हणजे अंथरुणाची घडी घालायची असेल तर सगळी तू घाल, शेवटची एक घडी तेवढी त्याला घालू दे. झालं! काम पूर्ण केलं ते त्याने, शाबासकी त्याला. ते पक्कं झालं की शेवटच्या दोन घड्या, मग तीन. आपण उलटं करतो, पहिली पायरी त्याला देतो, तो तिथेच अडकतो आणि पुढचं आई चिडून उरकते, म्हणजे तो दरवेळी फक्त अपुरं राहिलेलं काम बघतो. हे सगळं फोटोंमध्ये लाव, त्याच्या स्वतःच्या फोटोंमध्ये, इंटरनेटवरच्या कार्टूनमध्ये नाही.

पैसे मोजता येत नसतील तर थांबून राहू नको. बिल जितकं झालं त्याच्या लगेच वरची नोट द्यायची एवढं शिकव, सुट्टे मिळतीलच. प्रवासाचंही तसंच, आधी तू शेजारी बस, मग दोन सीट मागे, मग पुढच्या स्टॉपवर उभी राहा. आणि एक दिवस मुद्दाम त्याला स्टॉप चुकवू दे, तू मागे आहेस हे त्याला माहीत नसताना. कार्ड काढून दाखवतो का, फोन लावतो का, की रडत बसतो, हे तुला तेव्हाच कळेल.

आईच्या ‘पडला-बिडला तर’ला उत्तर १९७२ मध्ये रॉबर्ट पर्स्के नावाच्या अमेरिकन माणसाने देऊन ठेवलंय, त्याने याला धोका पत्करण्याची प्रतिष्ठा असं म्हटलं होतं. आपण बाकीची पोरं सायकलवरून पडतो, चुकीच्या माणसाच्या प्रेमात पडतो, पैसे बुडवतो, आणि लोक म्हणतात अनुभव आला. याच्याच वाट्याला फक्त काळजी. गॅस, रस्ता, औषधं इथे चूक परवडत नाही, तिथे डोळ्यात तेल घाला. चुकीच्या रंगाचा शर्ट घालून गेला, कपडे गुलाबी धुऊन निघाले, इथे गप्प बसा.

आणि डॉक्टरकडे गेलात की डॉक्टर तुझ्याकडे बघून ‘याला काय होतंय’ विचारतील. तू भावाकडे बघ आणि गप्प राहा. दहा सेकंद फार लांब वाटतात, पण डॉक्टरांची मान वळते.

प्रश्न : मी दृष्टिहीन आहे, शिकायला पहिल्यांदाच घराबाहेर आलेय. रूममेट चांगली आहे पण ‘मदत’ म्हणून माझ्या वस्तू आवरून ठेवते आणि रस्त्यात दंड धरून पुढे ढकलते. वाईट न वाटता कसं सांगू? आणि गरम पाणी कपात ओतायची अजून भीती वाटते.

उत्तर : वाईट वाटू दे थोडं, मरत नाही कोणी. तिला सांग की तू आवरलेली खोली तुला दिसते, मला ती हरवलेली असते. कपाट अर्धं अर्धं वाटून घ्या, तुझ्या अर्ध्याला हात नाही, आणि दार एकतर पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट उघडं दार थेट कपाळावर बसतं. रस्त्यात तिने तुला नाही धरायचं, तू तिच्या कोपराच्या जरा वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं, मग पायरी आली, वळण आलं ते तिच्या अंगावरूनच कळतं. हे तिला बोलून नको, करून दाखव, तिचे डोळे बांधून तिला एकदा ढकल म्हणजे लगेच समजेल.

पाण्यासाठी कपाच्या काठावर अडकवायचं छोटं यंत्र मिळतं, पाणी वर आलं की बीप वाजतं. ते नसेल तर कप ट्रेमध्ये ठेव, सिंकजवळ, आधी गार पाण्याने वीस-तीस वेळा ओत, भरत आलं की आवाज चढत जातो, कान तयार होतो. मग गरम. मशीनच्या बटणांवर रबरी ठिपके चिकटव, पण सगळ्यांवर नको, दोन-तीनच, सगळीकडे ठिपके म्हणजे कुठेच नाही.

प्रश्न : मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार) आहे, वय ४१. मदतीला माणूस ठेवलाय पण तो बायकोला विचारतो ‘साहेबांना आता अंघोळ घालू का’, मी समोर असताना. आणि आधीच्या सेंटरवर काम केल्यामुळे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं असं त्याचं म्हणणं. तिसरा माणूस आहे हा वर्षभरातला.

उत्तर : साहेब, तीनही माणसं खराब निघाली असं मला वाटत नाही, कामाची सुरुवातच दर वेळी चुकीची झाली असावी. त्याला कामावर कोणी ठेवलं? बोलणी बायकोने केली, पगार बायको देते, मग त्याच्या दृष्टीने मालक कोण?

स्वीडनमध्ये एडॉल्फ रात्झका नावाचे एक गृहस्थ, पोलिओमुळे व्हीलचेअर आणि व्हेंटिलेटरवर, त्यांनी १९८० च्या दशकात स्टॉकहोममध्ये मदत घेणाऱ्या अपंग लोकांचीच सहकारी संस्था उभी केली. मदतनीस कोण ठेवायचा, कधी बोलवायचा, त्याला शिकवायचं कसं, सगळं ज्याला मदत लागते तोच ठरवणार. तिथे १९९४ पासून तर कायदाच आहे, ज्यांना मोठ्या प्रमाणात मदत लागते त्यांना मदतनिसाच्या तासांचे पैसे सरकारकडून मिळतात. तेवढं सगळीकडे नाही, मान्य, पण पगार स्वतःच्या हाताने किंवा स्वतःच्या खात्यातून द्यायला काही कायदा लागत नाही. पुढच्या पहिल्या तारखेपासून तुम्ही द्या.

आणि त्याला शिकवा, कारण त्याला खरंच माहीत नाहीये. सेंटरवर तो वीस जणांना एका साच्यात उरकायचा. तुमच्या अंगाचं मॅन्युअल तुम्हीच लिहा, दोन पानं पुरेत, उचलताना हात कुठे घालायचा, कुठला खांदा ओढायचा नाही, मान किती टेकलेली हवी, थांब म्हटलं की तिथल्या तिथे थांबायचं. पहिले तीन दिवस प्रत्येक गोष्ट तोंडाने सांगा, त्याला येत असली तरी. बायकोला सांगून ठेवा की त्याने तुम्हाला विचारलं की म्हणा, मला माहीत नाही, त्यांना विचार. त्या कदाचित सुखावतीलच. बारा तास आपल्या नवऱ्याची अंघोळ मॅनेज करणं ही काही लग्नाची मजा नाही.

हाताशी दुसरा माणूस हवाच, आठवड्यातून एक दिवस येणारा का होईना. एकच मदतनीस असला की त्याला रागावता येत नाही, उद्या आला नाही तर पलंगावरच राहायचं या भीतीने माणूस वाटेल ते ऐकून घेतो. हे मी बऱ्याच जणांकडून हळू आवाजात ऐकलंय, दार बंद करून.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको कर्णबधिर, बाळ चार महिन्यांचं. सासूबाई म्हणतात रात्री बाळ रडलं तर तुम्हाला कळणार कसं, म्हणून त्या आमच्या खोलीत झोपतात.

उत्तर : बाळाच्या आवाजाने उशीखालची चकती थरथरेल असं मशीन मिळतं, दिवा लुकलुकणारंही मिळतं, दोन्ही घ्या कारण गाढ झोपेत नुसता दिवा कळत नाही आणि पाठ फिरवून झोपलं की दिसतही नाही. सासूबाईंना आठवडाभर शेजारच्या खोलीत झोपवा आणि त्यांनाच वहीत लिहू द्या, बाळ किती वाजता रडलं आणि तुम्ही किती वेळात उठलात. आठवड्याने वही तिघांनी मिळून बघा, भांडण मिटायला त्याचा उपयोग होईल. धुराचा अलार्मही दिव्याचा आणि चकतीचा लावा. दाराची बेल वाजली की लागणारा दिवा हॉलमध्ये लावला असेल तर एक बाथरूममध्येही लावा, अंघोळीच्या वेळीच कोणीतरी येतं.